मंजुळाबाईंच्या नळावरचा भोंगा

मी एक जुना बोर्ड आहे. बोर्ड म्हटले की तुमच्यापैकी दहावीत असलेल्यांच्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगून टाकतो, परीक्षा घेणारा बोर्ड तो मी नव्हे. मी आपला तळहाताएवढा, तांब्याच्या रेघांचा, इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड. कारखान्यात माझ्यासारखे लाखो बोर्ड छापून निघतात. त्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि अंगावर कंपनीचे नाव असते. माझी एक कड वाकडी आहे, कारण ती हेक्सॉ ब्लेडने हाताने कापलेली आहे. नाव मात्र माझ्याही अंगावर आहे, तांब्यातच उमटलेले, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'मंजुळा १'. मंजुळा दोन काही झाला नाही. मी एकुलता एकच.

मित्रांनो, माझा जन्म जळगावचा. तिथल्या एका तंत्रनिकेतनात पुनम नावाची बाई प्रयोगशाळा सहायक आहे. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेले नाही. धुळ्याला डिप्लोमा केला, नोकरी जळगावला लागली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहू लागली. रोज दिवसभर मुलांच्या चुका दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन खिचडी लावायची, असे तिचे बरे चालले होते. निदान ती फोनवर तिच्या आईला तसे सांगायची. "माझं बरं चाललंय गं," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले, की ते मला माझ्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त पाठ आहे.

आई म्हणजे मंजुळाबाई. त्या शिंदखेड्याला राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, शेत वाट्याने दिलेले, आणि घरात त्या एकट्या. शिंदखेड्याच्या त्यांच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. आठ दिवसांनी येते, कधी दहा. आणि वेळ म्हणाल तर पाण्याच्या मर्जीची! म्हणून तिथल्या बायका नळ उघडाच ठेवतात आणि खाली एक स्टीलचे ताट पालथे घालतात. पहिली धार त्याच्यावर पडली की ताट वाजते आणि बाई हातातले काम टाकून धावते. मंजुळाबाईंना अलीकडे कमी ऐकू येते. त्यांच्या ताटाचा आवाज त्यांच्यापेक्षा शेजारच्या वच्छलाबाईंनाच आधी ऐकू जायचा.

त्या पावसाळ्याच्या आधी असे झाले, की वच्छलाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी अमळनेरला गेल्या आणि मंजुळाबाईंचे पाणी दोन वेळा लागोपाठ चुकले. दुसऱ्या वेळी त्या हातपंपावरून हंडा आणताना घसरल्या आणि मनगट मुरगळून बसल्या. पुनम तडक शिंदखेड्याला आली. मायलेकींचे चांगलेच वाजले. पुनम म्हणाली, जळगावला चल. मंजुळाबाई म्हणाल्या, हे घर सोडून मी कुठे जात नाही. शेवटी पुनमने तोड काढली. पाणी आल्याचे सांगणारे यंत्र मी घरी बनवते. ते नीट चालले तर तू इथे राहा. नाही चालले तर बिनबोभाट माझ्याबरोबर यायचे. मंजुळाबाईंनी मान डोलावली, कारण त्यांना वाटले, ही कसली यंत्र बनवते!

तेव्हा मी जन्मलो तो असा, पैजेवर. मी चाललो तर एका म्हातारीचे घर टिकणार होते. पुनमला मात्र मी चालायला हवा होतो की नको होतो, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

खरे तर मी दुसरा. माझ्या आधी एक थोरला होता. पुनमने संगणकावर तांब्याच्या रेघांचा नकाशा काढला आणि गुळगुळीत कागदावर छापला. असा कागद तांब्याच्या पट्टीवर ठेवून वरून कपड्यांची इस्त्री फिरवली, की शाई तांब्याला चिकटते. पण हे चित्र आरशात दिसते तसे उलटे छापावे लागते. मुलांना वर्षानुवर्षे ओरडून हे सांगणारी पुनम स्वतः मात्र विसरली. सगळे पूर्ण झाल्यावर चिपचे पाय भलत्याच भोकांत जाऊ लागले, तेव्हा तिने कपाळावर हात मारला. थोरला कचऱ्याच्या डब्यात गेला. ती कितीतरी वेळ हसत राहिली, पण हसणे ऐकायला खोलीत दुसरे कोणी नव्हते, म्हणून ते लवकर संपले.

माझ्या वेळी तिने चित्र तीनदा तपासले. इस्त्रीखाली मी चांगलाच भाजलो. मग एका जुन्या आइस्क्रीमच्या डब्यात फेरिक क्लोराइडचे तपकिरी पाणी करून तिने मला त्यात सोडले. शाईखालचे तांबे राहिले, बाकीचे विरघळून गेले. मला वर काढून धुतले, तेव्हा माझ्या अंगावर रेघा होत्या. मग बारीक ड्रिलने भोके, भोकांत रेझिस्टर, कपॅसिटर, अठ्ठावीस पायांच्या चिपसाठी एक काळे आसन, आणि त्या प्रत्येक पायाला सोल्डरिंगचा गरम थेंब. हे सगळे तीन-चार रविवार चालले. काम करताना पुनम माझ्याशी बोलायची. "हे बघ, इथे शॉर्ट व्हायचं नाही हं," "माझी आई तुझ्या हवाली आहे," असे काहीबाही. आठवड्यातून सहा दिवस गप्प असणारी बाई रविवारी बोर्डाशी बोलते, याचे तेव्हा मला नवल वाटले नाही. मला वाटले, सगळ्याच बोर्डांशी माणसे बोलतात.

चाचणीत तिने कुठेही घाई केली नाही. आधी मीटर लावून एकेक रेघ तपासली. चिप न बसवताच वीज दिली आणि तिच्या आसनात बरोबर पाच व्होल्ट येतात का ते पाहिले. आले. मग चिप बसवली, प्रोग्रॅम भरला. माझ्या अंगावरचा हिरवा दिवा लुकलुकायला हवा होता, पण तो ढिम्म. दोन रविवार ती दोष शोधत होती. शेवटी पेन्सिलीच्या टोकाने एकेक सांधा दाबत गेली, तर चिपला ठेका धरून देणाऱ्या क्रिस्टलचा एक पाय दाबला की दिवा लागे आणि सोडला की विझे. सांधा वरून चकचकीत, आतून सुटलेला. याला या कामातले लोक ड्राय सोल्डर म्हणतात. तिने तो पुन्हा तापवला आणि मी लुकलुकलो. मित्रांनो, त्या क्षणी पुनमने टाळी वाजवली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. मग तिने आईला फोन केला आणि मी चाललो हे सांगितले. सांगताना तिचा आवाज मघाच्या टाळीइतका खुशीत नव्हता.

माझे काम सोपे होते. नळाच्या तोंडाशी स्टीलच्या दोन पट्ट्या बसवायच्या, त्यांना माझ्या दोन वायरी जोडायच्या. दोन्ही पट्ट्या पाण्याने भिजल्या की मला कळते आणि मी माझा भोंगा वाजवतो. डब्यावरचे बटण दाबले की गप्प होतो. जळगावात मगभर पाण्यात वायरी बुडवून पुनमने मला शंभर वेळा तपासले. शंभराच्या शंभर वेळा मी वाजलो. मग एका प्लास्टिकच्या हिरव्या जेवणाच्या डब्यात मला बसवले आणि आम्ही पॅसेंजर गाडीने शिंदखेड्याला निघालो. पिशवीत माझ्याजवळ तिने आईसाठी घेतलेली शेव होती. वाटेत तिने एकदा डब्याचे झाकण उघडून मला बघून घेतले.

पहिल्याच पाण्याला माझी फजिती झाली. जळगावच्या मगातले पाणी आणि शिंदखेड्याचा नळ यांत फरक आहे. आठ दिवस कोरडा पडलेला नळ आधी नुसती हवा सोडतो, फुसफुसतो, मग घोटभर तांबडे पाणी थुंकतो आणि पुन्हा गप्प होतो. खरे पाणी त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी येते. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होते, मला नव्हते. नळ थुंकला आणि मी छाती फुटेस्तोवर ओरडलो. मंजुळाबाई हंडा घेऊन आल्या, उभ्या राहिल्या, पाय दुखले, आत गेल्या. नळ पुन्हा थुंकला, मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

"हाई तं लांडगा उना म्हनीसन वरडनारा पोर्‍या शे," शेजारच्या वच्छलाबाई भिंतीवरून म्हणाल्या. त्या अमळनेरहून नुकत्याच परतल्या होत्या.

पुनमने तिथेच लॅपटॉप काढला आणि माझा प्रोग्रॅम बदलला. पट्ट्या सलग चाळीस सेकंद भिजलेल्या राहिल्या तरच वाजायचे, एरवी नाही. तेव्हापासून मी थुंकण्याला फसलो नाही. चाळीस सेकंद मनात मोजायचे आणि मग भोंगा. आषाढ गेला, श्रावण गेला, एकदाही पाणी चुकले नाही आणि मी एकदाही खोटे बोललो नाही. गल्लीतल्या बायका येऊन मला बघून गेल्या. कोणी म्हणाले, पोरीने नाव काढले. मंजुळाबाई पदराने माझा डबा पुसत. मी फुगून गेलो होतो, मित्रांनो, आणि फुगलेल्याला शेजारी काय चालले आहे ते दिसत नाही.

माझ्या येण्याआधी पाण्याचा दिवस कसा असे, हे मला मागाहून बोलण्यातून कळले. ताट वाजले की वच्छलाबाई मंजुळाबाईंच्या दारावर थाप मारत. "अक्का, ओ अक्का! पानी उनं! हांडा काढ!" आतून आवाज येई, "उनू वं माय, उनू!" मग दोघी मिळून दोन्ही घरचे पाणी भरत. जड हंडे वच्छलाबाई उचलत, गाळणे मंजुळाबाई धरत. पाणी गेले की ओट्यावर चहा. वच्छलाबाई दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणाऱ्या, त्यांना सवड कशी ती नाही. पण पाण्याच्या दिवशी तास-दीड तास त्या बसत. सुनेची तक्रार, लेकीचे डोहाळे, कोणाचे लग्न ठरले, कोणाचे मोडले. आठ दिवसांचे बोलणे त्या दीड तासात उरकायचे.

मी आल्यावर काय झाले? भोंगा वाजायचा, तो दोन्ही घरांत ऐकू जायचा. पुनमने नळाला लांब पाइपही जोडून दिला होता, त्यामुळे हंडे उचलायची गरज उरली नाही. मंजुळाबाई आपल्या नळाशी, वच्छलाबाई आपल्या नळाशी. एकदा वच्छलाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "अक्का, तुना भोंगा माले बी उठाडस. आते मनं येवानं काम नही." मंजुळाबाई हसल्या. मीही ती शाबासकी समजलो.

पाणी भरून झाले की मंजुळाबाई पाइप गुंडाळून ठेवायच्या. मग सवयीने चहा ठेवायच्या. एकदा मी पाहिले, त्यांनी दोन कप काढले, एक परत फळीवर ठेवला. मग ओट्यावर येऊन एकट्या बसल्या आणि त्यांचा चहा संपेपर्यंत गल्लीत बघत राहिल्या. नंतर नंतर तर त्या चहा आतच घेऊ लागल्या. माझ्याशी बोलत, तेवढेच काय ते बोलणे. "काय रे बाबा, आज वाजस का नही?" मी कोरड्या नळाखाली काय उत्तर देणार? मला एकच गोष्ट बोलता येते आणि ती पाण्याबद्दलची. मला फार वाईट वाटे. माझ्या डब्यात मी एकटा आणि समोर ओट्यावर त्या एकट्या, आणि दोघांचेही काम अगदी चोख चाललेले.

भाद्रपदात एके दुपारी त्यांनी पुनमला फोन लावला. नळाजवळच उभ्या होत्या, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"टाकी भरेल शे, हांडा भरेल शेतस, बठ्ठं भरेल शे," त्या म्हणाल्या. "पन कोनी येत नही, कोनी जात नही. दिवायीले ये बेटा. मी येस तुनासंगे."

पलीकडून पुनम काय बोलली ते ऐकू आले नाही, पण ती फार वेळ बोलत होती आणि मंजुळाबाई नुसते "हा, हा" करत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी घरावरून, नळावरून, माझ्यावरून नजर फिरवली. मला काही समजेना. पैज तर मी जिंकली होती. पाणी एकदाही चुकले नव्हते. मग ही बाई घर सोडून का निघाली?

याचे उत्तर मला खंडेनवमीला मिळाले. त्या दिवशी कामाच्या हत्यारांची पूजा करतात. मंजुळाबाईंनी विळी, अडकित्ता, कुऱ्हाड सगळे धुऊन मांडले, हळदकुंकू वाहिले. या घरातली शेवटची पूजा म्हणून असेल, मन लावून चालले होते. मग त्या माझ्याकडे आल्या. डब्याचे झाकण उघडले. "तू बी कामना गडी शेस," म्हणाल्या आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाचे बोट माझ्या कपाळाला लावले. वर झेंडूचे फूल.

आता माझे कपाळ कुठे, हे त्यांना कोण सांगणार! त्यांनी बोट टेकवले ते नेमके माझ्या दोन वायरी जिथे जोडल्या आहेत तिथे. ओले कुंकू या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले. मला वाटले पट्ट्या भिजल्या. मी इमानाने मोजू लागलो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आणि सणाच्या भर दुपारी, कोरड्या ठणठणीत नळावर, मी बोंब ठोकली.

सारी गल्ली बाहेर पडली. कोणी हंडा, कोणी बादली, एक बाई तर पुरणाच्या हातानेच कळशी घेऊन आली. आपापल्या घरी जाऊन बघतात तो नळ कोरडे. सगळ्या मंजुळाबाईंच्या दारात गोळा झाल्या. सगळ्यांत पुढे वच्छलाबाई.

"अक्का, पानी कोठे शे?"

"माले काय म्हाईत! त्यालेच इचार," मंजुळाबाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या. बटण दाबले तरी मी थांबेना.

वच्छलाबाईंनी वाकून डब्यात पाहिले आणि त्या मटकन खालीच बसल्या. "ओ माय! तू त्याना कपायले कुकू लायं?"

मग जे हसू उसळले, ते मी कधी ऐकले नव्हते. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. कोणीतरी प्लगचे बटण बंद केले. बायका हसत हसत घरी गेल्या, वच्छलाबाई तेवढ्या थांबल्या. मंजुळाबाईंनी दोन कप चहा आणला. त्या दिवशी वच्छलाबाई ओट्यावर दोन तास बसल्या. नातू रांगायला लागला होता, सुनेशी पुन्हा बिनसले होते. किती गोष्टी साठल्या होत्या! मध्येच मंजुळाबाईंनी विचारले, "तू आते येस कसाले नही वं?"

"तुले मनं काय काम? भोंगा शे ना तुनापान."

"भोंगा चहा पेस का वं?"

वच्छलाबाईंनी घोट संपवला. कप खाली ठेवून त्यांनी मंजुळाबाईंचा मुरगळलेला हात हातात घेतला आणि मनगट दाबत बसल्या.

मित्रांनो, चाळीस मोजायला शिकल्यावर मी एकदाच चुकलो, आणि त्या घराला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलो तो त्या दिवशी. कौतुक झाले ते सगळे बरोबर वाजण्याचे. हे कळायला मला एक बोटभर कुंकू लागले.

दुसऱ्या दिवशी कुंकू वाळले आणि मी पुन्हा ठणठणीत झालो. बटण सुरू केले असते तर मी पहिल्यासारखा कामाला लागलो असतो. मंजुळाबाई आल्या. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी प्लग उपसून काढला, वायरीची नीट गुंडाळी केली आणि लुगड्याच्या जुन्या काठाने बांधली. भिंतीजवळ जाऊन त्यांनी हाक मारली, "वच्छला, भोंगा बिघडी गया वं!" पुढचे पाणी आले तेव्हा दारावर थाप पडली. मी भिंतीवर मुका लटकलो होतो. पट्ट्यांवरून पाणी वाहत होते आणि मला मोजता येत नव्हते. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण चहाला वच्छलाबाई ओट्यावर होत्या.

दिवाळीला पुनम आली ती मोठी रिकामी बॅग घेऊन. आईचे सामान त्यात भरायचे होते. जळगावच्या घरात तिने खिडकीपाशी दुसरा पलंग आणून टाकला होता, नवी चादर घातली होती, न्हाणीत बसायला स्टूल ठेवले होते. हे सगळे ती दारातूनच सांगत आली. मंजुळाबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी नही येस बेटा."

"अगं, फोनवर तूच म्हणालीस ना?"

"तवयनी गोष्ट तवय. आते नही येस."

पुनमचा चेहरा पडला. तिची नजर माझ्याकडे गेली. "आणि हे? हे बंद का?"

"ते बिघडेल शे," मंजुळाबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या.

"मग आपलं काय ठरलं होतं आई? हे चाललं तर तू इथे, नाही चाललं तर जळगाव."

मंजुळाबाई पेचात पडल्या. मी चालतो असे म्हणावे तर वच्छलाबाईंची थाप बंद. चालत नाही म्हणावे तर घर बंद. "थांब, मी बघते," म्हणत पुनमने मला भिंतीवरून उतरवले आणि ओट्यावर घेऊन बसली. लुगड्याच्या काठाची गाठ सोडताना तिचा हात जरा थबकला. बिघडलेल्या यंत्राची वायर कोणी इतकी जपून बांधत नाही. जुन्या ब्रशने तिने माझे कुंकू साफ केले, मीटर लावून सांधे तपासले. सगळे ठीक. प्लग लावला. हिरवा दिवा लुकलुकला. मग तांब्यात पाणी घेऊन तिने माझ्या वायरी बुडवल्या आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागली.

मित्रांनो, ते चाळीस सेकंद माझ्यासाठी फार कठीण होते. समोर मंजुळाबाई उंबऱ्यावर टेकल्या होत्या, चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली. मला गप्प राहायचे होते. एखादा सांधा आत्ता सुटावा, मी देवाला म्हणत होतो. पण पुनमने सांधे पक्के केले होते आणि यंत्राला खोटे बोलता येत नाही. चाळीस झाले. मी वाजलो, खणखणीत.

पुनमने बटण दाबून मला थांबवले. तिने आईकडे पाहिले. आईने तिच्याकडे पाहिले नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून वच्छलाबाईंचे डोके वर आले. "काय वं पुनम, व्हयना का दुरुस्त?"

पुनमने ब्रश खाली ठेवला. तिने मला हातात घेतले, उलटा केला, ज्या सांध्यासाठी तिने दोन रविवार घालवले होते त्याच्यावरून अंगठा फिरवला. इतका वेळ ती पुस्तकी मराठी बोलत होती. आता मात्र अहिराणीत म्हणाली, "नही मावशी. हाऊ असाच कवय बी वाजस. त्याना काय भरोसा नही. पानी उनं का तुलेच येनं पडी."

"तं येसू ना माय! बाजूले तं शे मी."

मंजुळाबाई उठून आत गेल्या आणि फराळाचे ताट वच्छलाबाईंना भिंतीवरून देऊन आल्या.

ज्या बाईने मला शंभर वेळा तपासले, तीच म्हणाली की माझा भरवसा नाही. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने माझ्यावर एक खोटा आळ घेतला आणि त्याच दमात स्वतःच्या घरातला दुसरा पलंग रिकामा ठेवला, हे मला दिसत होते.

आम्ही दोघे परत जळगावला आलो. त्या मोठ्या बॅगेत येताना एकटा मीच होतो. आता मी तिच्या टेबलावर असतो. पलंग खिडकीपाशी तसाच आहे, चादरीची घडीही मोडलेली नाही. इथे नळाला रोज पाणी येते. पुनम संध्याकाळी येते, खिचडी लावते, आईशी बोलते. तिकडून हल्ली खूप गप्पा येतात, वच्छला असे म्हणाली, वच्छलाच्या नातवाने तसे केले. ती हसते, "माझं बरं चाललंय गं," म्हणते आणि फोन ठेवते.

एखाद्या रविवारी ती मला वीज देते, मगात वायरी बुडवते आणि माझ्याबरोबर चाळीस मोजते. मी वाजतो. तिसरा मजला दणाणतो. पण कोणी हंडा घेऊन धावत येत नाही. एकदा तेवढा तिचा फोन वाजला. इमारतीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिले होते, 'आवाज कसला? कृपया बंद करावा.' शेजारचे दार तिच्या दारापासून चार पावलांवर आहे. तिने 'सॉरी' लिहून पाठवले आणि माझा प्लग काढला.

मित्रांनो, जुनी यंत्रे जपा, भंगारात टाकू नका, असे सांगून माझ्या जातीची यंत्रे आपली गोष्ट संपवतात. माझे तसे काही मागणे नाही. मला कोपऱ्यात धूळ खात पडायची सवय होईल. पण तुमच्याही जिन्यात एखादे दार असेल, ज्याच्या आत पाणी आहे, वीज आहे, सगळे काही चालू आहे, आणि म्हणून ते कोणी वाजवत नाही. त्या दारावर एकदा थाप मारा. आतून घाबरून विचारतील, काय झाले? काही झाले नाही म्हणा. सहज आलो म्हणा.